खडूला आम्ही माती म्हणत नव्हतो

चिकपेटेतल्या आमच्या घरी जाग यायची ती शिवणयंत्राच्या आवाजानं. खालच्या खोलीत अण्णांचं शिवणकाम, वरच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि त्याच्यावर उघडी गच्ची. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे लोक किती पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आले हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. फौजेबरोबर तंबू शिवायला आले आणि फौज परतली तेव्हा मागेच राहिले, असं अण्णा गिऱ्हाइकांना सांगत. खरं की खोटं, मी कधी शोधलं नाही. घरात मराठी होती, पण तिला पुण्याचे पाहुणे हसत. आम्ही ‘थोडं’ म्हणायच्या जागी ‘स्वल्प’ म्हणायचो, पालेभाजीला ‘सोप्पु’ म्हणायचो, आणि भांडण झालं की आई मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायची. तिचं म्हणणं, कन्नडमध्ये शिव्या मऊ लागतात.

घरात एक काम असं होतं, जे गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याच शिंप्याकडे होत नसे. कापडावर खुणा करायचा चपटा खडू आई घरीच बनवायची. बाजारातला खडू कापडावर चरचरतो आणि इस्त्रीखाली पिवळा डाग सोडतो, अशी अण्णांची तक्रार होती. म्हणून वर्षातून दोनदा पांढुरकी माती पोत्यानं यायची. आई ती पितळी घंगाळात भिजत घालायची. सकाळी पाहावं तर घंगाळ काठोकाठ. रात्रीतून माती जवळजवळ दुप्पट फुगलेली असायची. तिच्यात पांढरी भुकटी आणि चिमूटभर नीळ घालून आई आणि शालिअक्का, माझी थोरली बहीण, ती तिंबायच्या, पोळपाटावर थापायच्या, सुरीनं चौकोन पाडायच्या आणि गच्चीवर सावलीत वाळवायच्या. वाळताना त्या खडूंना जो वास सुटायचा तो मला आजही सांगता येत नाही. तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडल्यावर येतो तसा, पण त्याहून थंड. अक्का त्या वासापाशी रेंगाळायची. लहानपणी ती खडूचा कोपरा चाटायची आणि आई पाठीत धपाटा घालायची. धपाटा खाऊन झाला की अक्का जीभ बाहेर काढून मला दाखवायची, निळसर पांढरी.

अक्काचं लग्न हुबळीला झालं. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा मी बसवनगुडीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. तिला रिक्षातून उतरताना पाहिलं आणि माझ्या मनात आलं, हिला कुणी धुऊन वाळत घातलंय. ओठ पांढरे, नखं पांढरी, जिना चढताना तीनदा थांबली. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, “सासरचं पाणी. आता बघ, आठवड्यात कशी टवटवी येते.” त्या दिवसापासून घरात स्वयंपाक म्हणजे अक्काचं पोट. नाचणीचे मुद्दे म्हणजे उकडलेले गोळे, हुलग्याचा कट, हरवे सोप्पु म्हणजे राजगिऱ्याचा पाला, गूळ-खजूर. अण्णा चहा सोडून त्या पैशांचं रोज संध्याकाळी डाळिंब आणायचे आणि स्वतः सोलायचे. बोटं लाल व्हायची म्हणून त्यानंतर पांढऱ्या कापडाला हात लावायचे नाहीत.

अक्का हे सगळं खायची, पण मन लावून खायची फक्त एकच गोष्ट. गच्चीवर वाळत घातलेला खडू. आता आई धपाटा घालत नव्हती. गरोदर बाईचे डोहाळे अडवले तर मुलाच्या तोंडातून लाळ गळत राहते, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं की त्यावर कुणी बोलतही नसे. उलट आईनं चांगले वाळलेले, बिनगुठळीचे चौकोन निवडून डब्यात भरून तिच्या उशाशी ठेवले. दुपारी मी पुस्तक घेऊन तिच्या शेजारी पडायचे तेव्हा तो आवाज ऐकू यायचा. आधी ‘कुट’, मग दाताखाली बारीक करकर.

“कुमे, अण्णांना सांग, काळजी करू नका म्हणावं,” ती एकदा म्हणाली. “माझं पोर सगळ्या खुणा करून बाहेर येणार. नुसतं कापायचं आणि शिवायचं.”

“गप गं, काय बोलतेस!” आई आतून ओरडली. पण आई हसत होती. आम्ही तिघीही हसत होतो. अक्का हसता हसता धापा टाकायला लागली आणि मग बराच वेळ छातीवर हात ठेवून पडून राहिली.

दवाखाना पेटेतच होता. डॉक्टरीण वयानं मोठी, कडक, कन्नडखेरीज काही न बोलणारी. तिनं अक्काच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासायला सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. “रक्त चढलं नाही तर बाळंतपणात हिच्यापाशी खर्चायला काही उरणार नाही,” ती आईला म्हणाली. हे वाक्य आईनं घरी येऊन अण्णांना जसंच्या तसं सांगितलं, आणि अण्णांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. त्या गोळ्यांनी अक्काला भयंकर मळमळायचं. गोळी घेतली की तासाभरात उलटी. मग आईनंच उपाय काढला. गोळीवर लगेच खडूचा एक चौकोन चघळायला द्यायचा. आणि तो लागू पडला. मळमळ थांबली, उलटी थांबली. आईला इतका आनंद झाला की शेजारणींना ती हा उपाय सांगत सुटली. “औषध पचत नव्हतं गं पोरीला. आता बघ कसं पचतंय.”

महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं तर आधीपेक्षा कमी. त्या वेळी मीही बरोबर होते. डॉक्टरीण चिडली. “गोळ्या घेता की मोरीत टाकता?” आई दुखावली, माझ्या हातानं देते, म्हणाली. डॉक्टरीण अक्काकडे रोखून बघत राहिली. अशा बायका तिनं खूप पाहिल्या असणार. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, “मण्णु तिंतीयेनम्मा?” माती खातेस का गं?

“इल्ला,” अक्का म्हणाली. नाही.

“छे छे, माती कशाला खाईल?” आई म्हणाली. “आमच्या घरात कुणाला तसली सवय नाही.”

मीही तिथेच उभी होते, आणि मलाही ते उत्तर खरंच वाटलं. हे आज लिहिताना कुणाला पटणार नाही. पण मण्णु म्हणजे रस्त्यावरची, शेतातली, पायाला लागणारी. भिंत चाटणारी पोरं खातात ती. अक्का खात होती तो खडू होता. तो आमच्या हातचा, पोळपाटावर थापलेला, डब्यात भरलेला, अण्णांच्या कसबाचा भाग होता. पोतं यायचं त्या दिवशी ती माती असायची. घंगाळात पडली की तिचं नाव बदलायचं, आणि एकदा नाव बदललं की आमच्यापैकी कुणी मागे वळून पाहिलं नव्हतं. अक्का खोटं बोलली नाही. डॉक्टरणीनं अगदी योग्य प्रश्न विचारला आणि तिला अगदी खरं उत्तर मिळालं, आणि त्या दोन भाषांच्या मधल्या फटीतून माझी बहीण निसटत गेली.

त्याच आठवड्यात कॉलेजात आमचं मातीचं प्रात्यक्षिक होतं. सरांनी मोरचुदाचं निळंभोर पाणी बाटलीत घेतलं, त्यात चमचाभर वाळलेली माती टाकली आणि आम्हाला ती आळीपाळीनं हलवायला लावली. मग ते गाळणकागदातून गाळलं. खाली उतरलं ते पाणी जवळजवळ नितळ होतं. वर्गात कुणीतरी “अय्यो” म्हणालं. सर म्हणाले, निळं गेलं कुठं नाही, ते तांबं होतं, मातीनं धरलं. मग फळ्यावर त्यांनी पानांची चळत काढली. मातीचा कण म्हणजे गोटी नव्हे, अतिशय पातळ पानांची चळत आहे. प्रत्येक पानावर ऋण भार असतो, आणि पाण्यातले धातूचे आयन धन भाराचे, म्हणून ते त्या पानांना जाऊन चिकटतात. जी माती पाण्यात फुगते तिची पानं विलग होतात आणि ती जास्त धरते. तांबं, जस्त, शिसं, लोह, तिला सगळं सारखंच.

पुढे आयुष्यभर मी याच विषयात राहिले, म्हणून मला माहीत आहे की सरांनी ते फार सोपं करून सांगितलं होतं. सगळं काही सारखं धरलं जात नाही. काही आयन भोवती पाण्याचं वेष्टन घेऊन पानांच्या मध्ये नुसते अडकून राहतात. दुसरा कुणी आला की जागा सोडतात. काही मात्र पानाच्या तुटक्या कडेपाशी थेट ऑक्सिजनला जोडले जातात, आणि मग सहजी सुटत नाहीत. पाणी आंबट असेल तर माती थोडं परत सोडते. आंबटपणा कमी झाला की पुन्हा धरते. माझ्या नोकरीची वर्षं शहरातल्या तलावांच्या गाळात गेली. वर पाणी स्वच्छ दिसायचं आणि कारखान्यांतून आलेले धातू खालच्या गाळात बसलेले असायचे. लोक म्हणत, मॅडमना मातीचं वेड आहे. पण त्या दुपारी फळ्याकडे पाहताना मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फक्त ‘पाण्यात फुगते’ हे शब्द ऐकले आणि मला आईचं पितळी घंगाळ दिसलं. सरांकडून चार गाळणकागद मागून घेतले आणि बस न पकडता पेटेपर्यंत चालत, धावत आले.

आईला तोंडानं सांगून पटलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काच्या दोन गोळ्या कुटून दोन पेल्यांतल्या पाण्यात विरघळवल्या. एका पेल्यात तिच्या डब्यातला एक चौकोन कुसकरून टाकला आणि येता-जाता ढवळत राहिले. जेवणं झाल्यावर दोन्ही पेले गाळून घेतले. मग चहाचं कोरं पाणी उकळलं आणि सगळ्यांना खाली कटिंगच्या टेबलापाशी बोलावलं. अण्णांनी कापड बाजूला सारलं. अक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

नुसत्या गोळीच्या पेल्यात चहाचं पाणी ओतलं आणि ते शाईसारखं काळं झालं. दुसऱ्यात ओतलं, ते चहाच राहिलं.

लोखंडी कढईत आवळा टाकला की काय होतं हे आईला मी सांगायची गरज नव्हती. ती काळ्या पेल्याकडे बघून म्हणाली, “हे लोखंड.” मग दुसऱ्याकडे बोट केलं. “आणि यातलं?”

“खडूनं धरलं,” मी म्हटलं. “आई, खडू म्हणजे माती. डॉक्टरणीनं विचारलं ना, तीच.”

“पण त्यानं मळमळ थांबली होती.”

“गोळी अंगी लागतच नव्हती, म्हणून थांबली.”

अण्णांनी दोन्ही पेले उचलून उजेडात धरले. मग म्हणाले, “कुमुद, पेल्यात आणि माणसाच्या पोटात फरक नाही का?” तो प्रश्न चांगला होता. पुढे मोठ्या सभांमधून मी तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकला. मी म्हटलं, “आहे, अण्णा. पण रक्त चढत नाहीये, ते तर पोटातलंच आहे.” आई वर गेली. गच्चीवरचे सगळे चौकोन तिनं सुपात गोळा केले आणि ते सूप घेऊन ती जिना उतरून, आमच्या मधून, बाहेर गेली. परत आली तेव्हा सूप रिकामं होतं आणि तिचा पदर पांढरा झाला होता.

अक्का पायरीवरून उठली नव्हती. मला म्हणाली, “आधी कळलं असतं तर मी स्वतःच सोडलं असतं गं.” मग, अगदी हळू, “पण कुमे, आत्तासुद्धा तोंडाला पाणी सुटलंय.”

त्यानंतरचे दिवस मला लिहायला सर्वांत जड जातात. अंगात लोह कमी झालं की माती खावीशी वाटते, आणि माती खाल्ली की लोह आणखी कमी होतं, हे मी फार नंतर वाचलं. त्या वेळी आम्हाला वाटलं, डोहाळे आहेत, दोन दिवसांत जातील. अक्का रात्ररात्र जागी असायची. कुल्फीच्या मडक्याचा वास घ्यायची. एकदा मोरीच्या कोपऱ्यात ओल्या भिंतीला गाल लावून उभी असलेली मी तिला पाहिली; जीभ लावली नव्हती, फक्त गाल. मला पाहून म्हणाली, “नाही खाल्लं. बघ हवं तर,” आणि तिनं लहानपणीसारखी जीभ बाहेर काढून दाखवली. ती गुलाबीही नव्हती. गोळी घेतली की आता पुन्हा उलटी व्हायची. आई तिच्यापुढे भांडं धरायची आणि उलटी झाली की दुसरी गोळी द्यायची. “घे गं माझी बाई. स्वल्प कळ काढ.” डॉक्टरणीला आम्ही जाऊन सगळं सांगितलं. ती रागावली नाही. त्याचंच मला भय वाटलं. तिनं लोहाच्या सुया सुरू केल्या. पुढच्या तपासणीत रक्त थोडं चढलं होतं. अण्णांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, लोक म्हणाले, अहो आधी बाळंत तर होऊ दे.

कळा दिवसांच्या आधी आल्या. सकाळी दवाखान्यात नेली, दुपारी मुलगी झाली, आणि नंतर रक्त थांबेना. अण्णांचं रक्त जुळलं, माझं जुळलं, ते तिला चढतही होतं. पण जेवढं चढत होतं त्याहून जास्त जात होतं. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिच्या चपलांचे ठसे फरशीवर उमटत होते. ती आईपुढे उभी राहिली आणि तिनं हात जोडले. इतक्या कडक बाईनं हात जोडलेले पाहून आईला कळलं. शेवटी आम्हाला आत सोडलं तेव्हा अक्काचा चेहरा चादरीपेक्षा पांढरा होता. तिला मुलगी दाखवली होती, असं नर्स म्हणाली. ती काही बोलली का, हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर लोक येऊन बसत आणि तेच ते म्हणत. तिचं आयुष्यच तेवढं. देवानं नेलं. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, तो कुणाला मिळतो, कुणाला नाही. अण्णाही तेच म्हणायला लागले. आई ऐकून घ्यायची आणि मांडीवरच्या मुलीला जोजवत राहायची. खडूचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. अण्णा बाजारातला चरचरणारा खडू आणायला लागले आणि पिवळे डाग पाण्यानं पुसत बसायचे.

ती मुलगी म्हणजे आमची नंदू. हुबळीच्या लोकांनी मुलाचं दुसरं लग्न केलं आणि मुलगी आमच्याकडेच राहिली. ती आता मारतहळ्ळीला, नवव्या मजल्यावर राहते, कॉम्प्युटरचं काम करते, तिची मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात. अण्णा गेल्यावर आई तिच्याकडे राहिली. मागच्या वर्षी आईनं अंथरूण धरलं, तेव्हा दिवसा तिच्यापाशी बसायला मी जायचे. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. ती चमचा हातानं दूर करून म्हणाली, “कुमे, शाली गेली ती माझ्यामुळे का?”

इतक्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “नाही, आई. तुला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.”

“माहीत होतं का, हे नाही विचारलं.” तिनं डोळे मिटले. “हे तू मुलगी म्हणून बोललीस. तू शिकलेली आहेस ना? जन्मभर मातीच बघत बसलीस. शिकलेल्या माणसासारखं सांग.”

मी वाटी खाली ठेवली. खिडकीच्या काचेतून खालच्या रस्त्याचा आवाज येत नव्हता, नुसती वाहनं सरकताना दिसत होती. मी तिला सांगितलं. गोळ्यांतलं लोह खडूनं धरलं. सगळं धरलं नसेल, पण बरंच. खडू नसता तर त्या दोन महिन्यांत रक्त भरलं असतं. रक्तस्राव तरीही झाला असता, भरल्या अंगाच्या बायकांनाही होतो. पण तेवढा तिनं सोसला असता, बहुतेक.

“बहुतेक म्हणजे काय?”

“म्हणजे जगली असती, आई.”

“सरी,” ती म्हणाली. बरं.

मला वाटलं, तिला झोप लागली. मग ती डोळे न उघडताच बोलायला लागली. “सगळे म्हणायचे देवानं नेली, नशिबानं नेली. मग मी तिची कोण? मी माझ्या हातानं भरवत होते तिला. ते कुणी धरलंच नाही हिशेबात.” आणि मग ती रडली. आवाज करून, लहान मुलासारखी, श्वास अडकेपर्यंत. मी तिला थांबवलं नाही. पाठीखाली हात घालून तिला धरून बसले. तिचं वजन काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी नंदू ऑफिसातून आली. आजीचे सुजलेले डोळे पाहून ती मला बाहेर घेऊन आली आणि दार लोटून म्हणाली, “मावशी, हे काय? काय सांगितलंस तू तिला?”

“तिनं विचारलं ते,” मी म्हणाले.